कोटगढची बाग आणि वेठीचे पाहुणे

बाग लावण्यास एक माणूस आणि एक ऋतू पुरतो. ती राखण्यास मात्र पुष्कळ माणसे आणि पुष्कळ ऋतू खर्ची घालावे लागतात. फळझाडांचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या गोष्टीवरच भर देतात. अमुक गृहस्थाने अमुक साली अमुक देशाहून कलमे आणली, ती येथील मातीस मानवली, आणि तेव्हापासून त्या प्रांतास बरकत आली, एवढ्यावर बहुतेक वृत्तान्त आटोपतो. परंतु कलम जमिनीत गेल्यापासून फळ पेटीत पडेपर्यंत जी सात-आठ वर्षे जातात, त्या अवधीत झाडाजवळ कोण उभे होते, थंडीवाऱ्यात त्याची निगा कोणी राखली, आणि न बोलावता आलेल्या पाहुण्यांस कोणी व कसे परतविले, याची नोंद क्वचितच आढळते. हिमालयातील कोटगढ या लहानशा मुलखातील सफरचंदांच्या बागांची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. तेथील बागायतदारांस चार प्रकारच्या आगंतुकांशी झगडावे लागले. त्यांपैकी तिघे निसर्गाने पाठविलेले होते. चौथा मात्र सरकारी परवाना खिशात घालून येत असे.

कोटगढ हे शिमल्याच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, सतलज नदीच्या खोऱ्यावर झुकलेल्या डोंगरउतारावर वसलेले आहे. १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या गुरख्यांच्या युद्धानंतर आसमंतातील बहुतेक मुलूख पहाडी संस्थानिकांस परत मिळाला, परंतु कोटगढ मात्र इंग्रजांनी आपल्या हाती ठेवले. पुढे १८५० साली लॉर्ड डलहौसी याच्या आज्ञेवरून हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचे काम सुरू झाले, आणि शिमल्याहून नारकंड्यामार्गे सतलजेच्या वरच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या या वाटेवर कोटगढचा मुलूख येऊन पडला. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस हे नाव निराळ्या कारणाने परिचित असेल. किप्लिंगच्या १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या पहाडी कथांच्या संग्रहातील पहिली कथा याच ठिकाणच्या मिशनमध्ये वाढलेल्या एका पहाडी मुलीची आहे. त्या कथेतही एक परका प्रवासी येतो, पाहुणचार घेतो, खोटे वचन देतो आणि निघून जातो. कोटगढच्या लोकांस अशा पाहुण्यांचा अनुभव कथेपुरताच नव्हता.

हिमालयात सफरचंद स्टोक्स यांनी प्रथम आणले, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. कुलूच्या खोऱ्यात बंदरोल येथे कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास इंग्लंडहून आणलेली झाडे लावली होती, आणि शिमल्याजवळ मशोब्रा येथे अलेक्झांडर कूट्स याने १८८७ साली बाग उभी केली होती. परंतु या बागा इंग्रजांच्या जिभेसाठी लावलेल्या होत्या. त्यांतील जाती पुष्कळशा आंबटसर, शिजवून खाण्याच्या किंवा साखर घालून मुरविण्याच्या. आमच्या लोकांस फळ म्हणजे गोड आणि रसाळ हवे. आंबट फळाचे लोणचे होते, नैवेद्य होत नाही. यामुळे या बागा साहेबांच्या बंगल्यांभोवतीच राहिल्या आणि पहाडी शेतकऱ्याच्या शेतात उतरल्या नाहीत.

सॅम्युएल एव्हान्स स्टोक्स यांचा जन्म १८८२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९०४ च्या आरंभी, ते मुंबईच्या बंदरात उतरले आणि तेथून शिमल्याच्या पायथ्याशी सबाथू येथील महारोग्यांच्या आश्रमात सेवेसाठी गेले. १९०५ साली कांगड्याच्या भीषण भूकंपात त्यांनी आपद्ग्रस्तांची सेवा केली. मैदानातील उष्मा न मानवल्यामुळे त्यांस कोटगढास पाठविण्यात आले, आणि तेथेच ते रमले. काही काळ त्यांनी संन्याशासारखी वृत्ती धारण करून अनवाणी भ्रमंती केली. पुढे १९१२ साली त्यांनी एका पहाडी ख्रिस्ती कुटुंबातील मुलीशी विवाह केला आणि ठाणेधारजवळ एका जुन्या चहामळ्याची जमीन विकत घेऊन ते गृहस्थ व शेतकरी झाले. १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला व सत्यानंद हे नाव घेतले. त्यांच्या या धार्मिक प्रवासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांचा मळा हा आहे, यास्तव त्याकडेच वळू.

स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून 'डिलिशस' या तांबड्या, गोड सफरचंदाची रोपे आणवून आपल्या जमिनीत लावली. या जातीचे मूळही ऐकण्याजोगे आहे. आयोवा प्रांतातील जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत १८७० च्या सुमारास ओळीबाहेर एक रोपटे आपोआप उगवले. ओळ बिघडते म्हणून त्याने ते छाटून टाकले. ते पुन्हा फुटले. त्याने पुन्हा छाटले. ते पुन्हा फुटले. तेव्हा याची जगण्याचीच इच्छा आहे असे पाहून त्याने ते राहू दिले. १८९३ साली मिसूरी प्रांतातील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने भरविलेल्या फळांच्या स्पर्धेत त्या झाडाची फळे पहिली आली, आणि पुढे स्टार्क बंधूंनी त्या झाडाचे हक्क विकत घेतले. १९४० साली अवचित आलेल्या कडाक्याच्या थंडीने ते मूळ झाड मरून गेले, तरी त्याच्या मुळापासून पुनरपि एक फुटवा वर आला. जे झाड मालकाच्या कोयत्यास दोनदा पुरून उरले, त्याची संतती हिमालयाच्या बर्फात टिकून राहिली यात नवल ते काय!

त्याच रोपवाटिकेने १९१४ साली पश्चिम व्हर्जिनियातील पिवळ्या 'गोल्डन डिलिशस'चे मूळ झाड ५,००० डॉलर देऊन खरेदी केले. परंतु या झाडाच्या काड्या चोरून नेणाऱ्यांची अशी धास्ती पडली की, मालकांनी झाडाभोवती भला मोठा पिंजरा उभारला आणि त्यास कोणी हात लावताच वाजणारी घंटा बसविली. बहुधा पिंजऱ्यात राहण्याचा प्रसंग पक्ष्यावर येतो. येथे झाडावर आला. या पिवळ्या जातीची काही रोपे स्टोक्स यांच्या मातोश्रींनी १९२१ साली नाताळची भेट म्हणून मुलाकडे धाडली असे सांगतात. मातेच्या ध्यानात आले असो वा नसो, ही भेट फार उपयोगी होती. तांबड्या डिलिशसचे फूल स्वतःच्याच जातीच्या परागाने फळ धरीत नाही. त्याला निराळ्या जातीचा शेजार लागतो, आणि पिवळ्या डिलिशससारखा शेजारी त्याला क्वचितच मिळतो. दोन जातींची झाडे जवळजवळ असली आणि मधमाश्यांनी त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या, तरच बाग भरते.

आता या बागेच्या हिवाळ्याकडे पाहू. थंडी म्हणजे झाडाचा शत्रू, असे आपण दख्खनमध्ये राहणारे सहज समजतो. निफाडच्या द्राक्षमळ्यात एखाद्या रात्री पारा फार खाली उतरला की शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे आपल्या पाहण्यात असते. कोकणातील आंब्यास मात्र मोहोर फुटण्यासाठी थोडी थंडी लागतेच. सफरचंदाचे याहून पुढचे आहे. त्याला थंडी नुसती सोसत नाही, तर हवीच असते. पाने झडल्यानंतर हे झाड गाढ झोपी जाते, आणि ७ अंश सेल्सियसच्या खालच्या थंडीचे पुरेसे तास भरल्याखेरीज ते नीट जागे होत नाही. डिलिशस जातीस असे सुमारे १,००० ते १,२०० तास लागतात. हिवाळा अपुरा पडला तर वसंतात कळ्या मागेपुढे फुटतात, बहर विसकळीत येतो आणि फळ कमी धरते. म्हणून ज्या बर्फाने गावाच्या वाटा बंद होतात, त्याच बर्फाकडे कोटगढचा बागवान आशेने पाहतो. पावसाचे पाणी उतारावरून धावत निघून जाते. बर्फ मात्र हळूहळू वितळून मुळांपर्यंत झिरपते आणि वैशाखापर्यंतची ओल देऊन जाते.

झाडे झोपली म्हणून माणसास झोपून भागत नाही. मार्गशीर्ष-पौषात प्रत्येक झाडाभोवतीचे आळे मोकळे करून त्यात कुजलेले शेणखत घालावयाचे, खोडास चुना फासावयाचा, गळलेली पाने गोळा करून जाळावयाची, आणि बर्फ फार साचले तर काठीने हलकेच झटकून फांद्यांवरील भार उतरवावयाचा. नाहीतर दहा वर्षांच्या मेहनतीची फांदी एका रात्रीत कडाडून मोडते. त्यानंतर छाटणी. कोणती काडी ठेवावी आणि कोणती कापावी, हे पुस्तकात वाचून येत नाही. थंडीने बधिरलेल्या बोटांत कात्री धरून पुष्कळ वर्षे झाडाच्या आत डोकावल्यावर ते समजू लागते. हिवाळा सरता सरता कलमे बांधण्याचे दिवस येतात. बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या या तीन महिन्यांत पुढील वर्षाचे पीक जवळजवळ ठरून गेलेले असते.

मग पाहुण्यांची रीघ सुरू होते. पहिला पाहुणा आकाशातून येतो. चैत्रात गुलाबी कळ्या उमलत असता एखादी रात्र निरभ्र आणि निवांत जाते, पहाटे दहिवर पडते, आणि उजाडून पाहावे तो फुलांचे अंतरंग काळे पडलेले असते. तीच थंडी माघात वरदान होती. दोन महिन्यांनी ती आपत्ती ठरते. त्यातून जे वाचले त्यावर गारपिटीची टांगती तलवार असते. अर्ध्या घटकेची गार सुपारीएवढ्या कोवळ्या फळांवर असे व्रण उठविते की, ते फळ वाढले तरी बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. पुढे बागांवर जाळी ताणण्याची सोय निघाली. परंतु आरंभीच्या काळी आकाशाकडे पाहत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरा पाहुणा रानातून येतो. फळात गोडी भरू लागली की ती बातमी बाजाराआधी अरण्यात पोहोचते. दिवसा पोपटांचे थवे उतरतात. पोटापुरते खाऊन ते थांबते तर बरे, पण एकेका फळास एक चोच मारून ते पुढच्याकडे वळतात. माकडे खातात त्याहून अधिक नासतात. साळिंदर मुळाशी दात लावते. आणि रात्री काळे हिमालयी अस्वल येते, ते झाडावर चढते आणि फळासह फांदीही खाली ओढते. यासाठी माळ्यावर बसून डबे वाजवावे, गोफण चालवावी, जाळ करावा, रात्रभर हाकाट्या घालाव्या. आपल्याकडे जोंधळ्याच्या शेतातील राखणदार करतो त्याहून हे निराळे नाही. भेद एवढाच की, जोंधळ्याची राखण पंधरवड्यात आटोपते आणि सफरचंदाची श्रावणापासून आश्विनापर्यंत चालते.

तिसरा पाहुणा इतका लहान की तो आल्याचेच कळत नाही. सॅन होझे नावाने ओळखला जाणारा खवलेकिडा, लोकरी मावा, आणि पानाफळांवर काळ्या खपल्या उठविणारा बुरशीचा रोग, हे सर्व परदेशी आहेत. यांतील कीटक तर परदेशी कलमांच्या सालीत दडूनच इकडे आले. ज्या पेटीतून फळाची आशा आली, तिच्यातूनच त्याचा भक्षकही यावा हा नियतीचा क्रूर विनोद होय. खपलीच्या रोगाने १९८३ साली हिमाचलात असा कहर केला की, फळांचे ढीगच्या ढीग नष्ट करावे लागले. या शत्रूशी लढाई हिवाळ्यातच द्यावी लागते. त्या रोगाची बीजे गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, आणि खवलेकिडा नागड्या फांदीस चिकटून वसंताची वाट पाहतो. म्हणूनच पाने जाळणे आणि शिशिराच्या शेवटी फांद्यांवर तेलाचा फवारा मारणे यांस बागवान इतके महत्त्व देतात.

येथवरचे तिन्ही पाहुणे कितीही त्रासदायक असले तरी त्यांच्याविरुद्ध उपाय योजण्याचा अधिकार बागवानाकडे होता. चौथ्या पाहुण्यापुढे तोही नव्हता. हा पाहुणा म्हणजे हिंदुस्थान-तिबेट रस्त्याने दौऱ्यावर किंवा शिकारीस निघालेला साहेब, त्याचे नोकरचाकर आणि त्याचा लवाजमा. तो मुक्कामास आला की लंबरदाराने घरोघर निरोप धाडावा, आणि शेतसारा भरणाऱ्या प्रत्येक घराने ओझे वाहण्यास माणूस द्यावा, शिवाय लाकूडफाटा, गवत, दूध यांची तजवीज करावी, असा शिरस्ता होता. मोबदला मिळाला तर नाममात्र; कित्येकदा तोही नाही. यास पहाडात 'बेगार' म्हणत.

मराठी वाचकास हा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या भाषेत 'वेठबिगार' असा जोडशब्दच आहे. त्यातील 'वेठ' हा संस्कृतातील 'विष्टि' या शब्दाचा वंशज, आणि 'बिगार' फारसीतून आलेला. दोन्हींचा अर्थ एकच. जुन्या राजवटीने एक शब्द दिला, नव्या राजवटीने दुसरा दिला. ओझे तेच राहिले आणि रयतेने दोन्ही शब्द एकत्र बांधून ठेवले. कोणाचा वेळ जुलमाने अडकविला तर 'वेठीस धरले' असे आपण आजही म्हणतो. या वाक्प्रचारात एक मर्म आहे. वेठीत माणसाचे द्रव्य जात नाही, तर त्याचा वेळ जातो. आणि तोही त्याला सवडीचा असलेला नव्हे, तर दुसऱ्यास सोयीचा असलेला.

कोटगढच्या बाबतीत हे मर्म ऋतुचक्राशी कसे जुळते ते पाहण्यासारखे आहे. पौष-माघात बर्फाने वाटा बुजतात. तेव्हा साहेब येत नाही. तो येतो वसंतात, हवा सुखाची झाल्यावर, आणि येत राहतो थेट शरदापर्यंत. म्हणजे दहिवर, गारपीट, पोपट, माकड आणि अस्वल यांच्या पाळतीवर राहण्याचा जो काळ, नेमका तोच त्याच्या दौऱ्याचा काळ. गहू-मक्याचे शेत चार दिवस घरच्या बायकांवर सोपवून पुरुषमाणूस ओझे उचलण्यास जाऊ शकत होता. नुकसान होई, पण पीक सर्वस्वी बुडत नसे. पिकत आलेली फळबाग अशी सोडता येत नाही. दोन रात्री राखणीवाचून गेल्या तर वर्षाची कमाई अस्वलाच्या पोटात जाते. त्यातून धान्य चार महिन्यांत हाती येते, सफरचंद आठ वर्षांनी. ज्याला येत्या मंगळवारी आपण आपल्या घरी असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने आठ वर्षांनी फळणाऱ्या झाडावर आपली जमीन गुंतवावी, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करावी? स्टोक्स यांच्या बागेस हे भय नव्हते. गोऱ्या कातडीच्या मालकास ओझे उचलण्याचा हुकूम कोण देणार! भय होते ते कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यास. यास्तव स्टोक्स यांची बाग शेजाऱ्यांच्या शेतांत पसरावयाची, तर आधी ही वेठ हटणे अवश्य होते, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे. ते स्वतः या हिशेबाने लढ्यात पडले असे मात्र कोणी समजू नये. त्यांस मुख्यतः त्यातील मानहानी असह्य झाली होती.

त्या काळी हिमालयात सर्वत्रच ही धग होती. १९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या पर्वकाळी, कुमाऊँतील बागेश्वर येथे शरयू व गोमती यांच्या संगमावर हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली त्यांनी यापुढे वेठ न करण्याची शपथ घेतली आणि बिगाऱ्यांच्या नोंदवह्या शरयूच्या पाण्यात फेकून दिल्या. कोटगढास त्याच सुमारास स्टोक्स यांनी गावकऱ्यांची पंचायत संघटित केली, वेठीविरुद्ध लेख लिहिले, अधिकाऱ्यांशी दीर्घ पत्रव्यवहार केला, आणि अखेर गावकऱ्यांनी एकवटून ओझे उचलण्याचे नाकारले. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'तून या चळवळीस पाठबळ दिले. १९२१ साल संपण्यापूर्वी कोटगढपुरती ही सक्तीची वेठ उठली. अस्वलास हाकून लावण्यास एक राखणदार पुरतो. या पाहुण्यास परतविण्यासाठी साऱ्या गावास एका वेळी 'नाही' म्हणावे लागले. एकट्याने म्हटले असते तर ते उद्धटपणात जमा होऊन त्यास शिक्षा झाली असती.

या लढ्याने स्टोक्स स्वतः राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले. १९२१ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या, सरकारी नोकरी व लष्कर सोडण्याचे आवाहन करणाऱ्या जाहीरनाम्यावर गांधीजी व अन्य पुढाऱ्यांच्या सह्यांबरोबर या अमेरिकनाचीही सही होती. डिसेंबरात लाहोरजवळ वाघा येथे त्यांस अटक झाली. जामीन देण्याचे नाकारल्यावर सहा महिन्यांचा कारावास त्यांच्या वाट्यास आला. मातोश्रींच्या नाताळभेटीचे जे साल सांगतात तेच हे. पिवळ्या डिलिशसने पुष्कळ वर्षे पिंजरा पाहिला. त्याच्या नव्या मालकासही तो चुकला नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. १९२६ च्या सुमारास कोटगढची गोड सफरचंदे शिमल्याच्या बाजारात दिसू लागली. स्टोक्स शेजाऱ्यांस रोपे देत, कलम बांधण्यास व छाटण्यास शिकवीत. आरंभी पुष्कळ शेतकरी मागेपुढे पाहत, आणि ते साहजिकच होते. दाणे पिकविणाऱ्या शेतात दाणे न पिकविणारे झाड लावणे म्हणजे पोराबाळांच्या तोंडचा घास पैजेस लावणे होते. परंतु पहिल्या बागा फळल्यावर हळूहळू धीर आला. ज्या वाटेने साहेबांच्या बिछान्यांची आणि खान्याच्या पेट्यांची ओझी चालत, त्याच वाटेने आता खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून फळांच्या पेट्या शिमल्याच्या रेल्वेकडे निघाल्या. पाठीवरील भार हलका झाला असे नाही. मात्र तो केव्हा उचलावा आणि काय भावाने वाहावा, हे वाहणारा ठरवू लागला.

हे चित्र एकरंगी रंगविणे योग्य होणार नाही. सफरचंदाच्या प्रसारास वेठीचे उच्चाटन एवढे एकच कारण नव्हते. मोटारीचे रस्ते, मैदानातील मोठे बाजार आणि स्वातंत्र्योत्तर काळात सरकारने दिलेले उत्तेजन यांचा वाटा फार मोठा आहे. शिवाय कोटगढ हा इंग्रजी अमलाखालचा मुलूख. भोवतालच्या पहाडी संस्थानांत वेठ पुढेही चालू राहिली. १९३९ च्या जुलैत धामी संस्थानात प्रजेवर गोळीबार झाला, तेव्हा तिच्या मागण्यांत वेठ बंद करण्याची मागणी होतीच. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याची वेठ सुटली तरी त्याची बाग कोठून होणार? आपल्या प्रांतातही गावकीच्या नावाखाली महारांकडून करवून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या कामाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. बाहेरच्या साहेबाची वेठ नाकारण्यास गाव एक होते. गावातल्या गावात चालणारी वेठ नाकारणाऱ्यांस असे सर्व गावाचे साह्य मिळाले नाही. कोटगढच्या विजयाची कथा सांगताना एवढे भान राखावयास हवे.

सत्यानंद स्टोक्स १९४६ च्या मे महिन्यात वारले. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंग पाहिला ते केवळ पंधरा महिन्यांवर आले होते. त्यांच्या हयातीतच सफरचंद कोटगढचे पीक झाले होते. त्यानंतर ते साऱ्या हिमाचलाचे झाले, आणि आज काश्मीरच्या खालोखाल सफरचंद पिकविणारा प्रदेश म्हणून त्याची गणना होते. तथापि पाहुण्यांची जात संपलेली नाही. आता हिवाळाच अनेकदा पुरता येत नाही. बर्फ कमी पडते, थंडीचे तास भरत नाहीत, आणि खालच्या उतारांवरील जुन्या बागा दुबळ्या होऊन सफरचंदाची सीमा किन्नौर आणि लाहौल यांच्या उंच खोऱ्यांकडे सरकत चालली आहे. ज्या थंडीच्या भरवशावर हे झाड येथे आणले, तीच पाहुण्यासारखी मनास येईल तेव्हा येऊ लागली आहे. याला गोफण उपयोगी नाही आणि एका गावाचा नकारही पुरा पडणारा नाही.

तरीही १९२१ सालची ती गोष्ट आजच्या बागवानास निरुपयोगी झालेली नाही. कोटगढच्या लोकांनी त्या वर्षी जे मिळविले ते फळाच्या भावाहून मोलाचे होते. वैशाखात बाग फुलली असता आपण बागेत असू, आणि श्रावणात फळ पिकले असता आपल्याला कोणी दुसऱ्याचे ओझे उचलावयास नेणार नाही, हा भरवसा त्यांनी मिळविला. असा भरवसा असेल तर माणूस आठ वर्षांनी फळणारे झाड लावतो, बर्फात उभा राहून त्याची काडी न् काडी पारखतो, आणि रात्ररात्र जागून अस्वलाची वाट पाहतो. तो नसेल तर परदेशाहून कितीही उत्तम कलमे आणली तरी ती साहेबाच्या बंगल्याभोवतीच राहतात.